चेंडूवर पाय ठेवून

दुपारी जेवण आटोपून वामकुक्षीच्या बेतात असताना मोबाइलवर काही सेकंदांची एक जुनी चित्रफीत समोर आली आणि झोप गेली ती गेलीच. मे २००० मधला बोका ज्युनिअर्स आणि रिव्हर प्लेट या अर्जेंटिनातल्या कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल क्लबांचा कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लब स्पर्धेतला उपांत्यपूर्व सामना, ब्यूनोस आयर्समधले ला बोंबोनेरा मैदान. बोकाचा मधल्या फळीतला खेळाडू हुआन रोमान रिकेल्मे सीमारेषेजवळ पाठमोरा उभा आहे, मागून रिव्हरचा बचावपटू मारिओ येपेस जवळजवळ त्याच्या अंगावरच आला आहे. आणि रिकेल्मे तळपायाने चेंडू हलकेच मागे ओढून येपेसच्या दोन पायांमधून पार करतो व स्वतः वळसा घालून निघून जातो. बोकाने तो सामना ३-० असा जिंकला, पण लोक अजून बोलतात ते गोलांपासून लांब, कडेला घडलेल्या या गमतीबद्दल.

आमच्या शाळेच्या मैदानावर जूनच्या चिखलात फुटबॉल चाले, तेव्हा चेंडू जाईल तिकडे पोरांचा लोंढा जात असे. त्या लोंढ्यात एक मुलगा मात्र कधीच नसे. चेंडू चुकून त्याच्याकडे आला, की तो त्यावर पाय ठेवून शांतपणे इकडेतिकडे पाहत राही आणि आम्ही ‘अरे, पळ की!’ म्हणून बोंबलत असू. शेवटी सरांनी त्याला गोलकीपर करून टाकले.

मोठ्या क्लबांतही फार निराळे घडत नाही. २००२ मध्ये रिकेल्मे बार्सिलोनात गेला, तेव्हा प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी मैदानाच्या मधोमध वावरणाऱ्या या माणसाला कडेला नेऊन उभे केले आणि वर्षभरातच त्याची रवानगी विल्यारेआल नावाच्या छोट्या गावाच्या क्लबात झाली. त्या क्लबाने मात्र त्याला हवे तितके थांबू दिले आणि २००६ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लब स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. तिथे आर्सेनलविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत मिळालेली त्याची पेनल्टी गोलकीपर येन्स लेमनने अडवली, हे दुखणे मी एका वाक्यातच उरकतो.

मला एक खोड आहे. गोल झाल्यावर सारे जण तो कोणी मारला हे पाहतात, तेव्हा मी त्याच्या तीन-चार पास आधी काय झाले ते शोधत बसतो. त्याच वर्षीच्या विश्वचषकात सर्बिया-माँटेनेग्रोविरुद्ध अर्जेंटिनाने २५ च्या आसपास पास देत जो गोल केला, तो कांबियासोच्या नावावर आहे. माझ्या हिशेबात मात्र तो चेंडू पुन्हापुन्हा मागून घेणाऱ्या आणि घाई न करता परत देणाऱ्या रिकेल्मेचा आहे. पुढे बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्ध त्याच्याच कॉर्नरवर आयालाने गोल केला आणि ७२ व्या मिनिटाला, संघ १-० ने पुढे असताना, प्रशिक्षक पेकेरमन यांनी रिकेल्मेलाच बाहेर बोलावले. आपल्याकडे तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती. पानावरून उठून मी टीव्हीपुढे जे काही बोललो, ते घरच्यांनी अजून माफ केलेले नाही. ८० व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजने बरोबरी साधली आणि अर्जेंटिना पेनल्टींवर हरली.

रिकेल्मे थंड डोक्याने खेळे, पण थंड माणूस नव्हता. २००१ मध्ये मानधनावरून बोकाशी वाद चालू असताना त्याने रिव्हरविरुद्ध गोल केला आणि क्लबाचे अध्यक्ष माउरिसियो माक्री यांच्या कक्षासमोर, दोन्ही कानांमागे तळवे धरून, निश्चल उभा राहिला. मुलीला आवडणाऱ्या तोपो जीजो या बाहुल्यातल्या उंदराची ही नक्कल होती, असे त्याने नंतर निरागसपणे सांगितले. माक्री पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र ते उपाध्यक्षपदासाठी ज्या गटातून उभे होते, त्या गटाला हरवून रिकेल्मे बोकाचा अध्यक्ष झाला. आता संघ हरला की लोक त्याच्याच नावाने बोटे मोडतात, असे वाचतो. क्लबांच्या राजकारणात मला गम्य नाही. आणि खरे सांगायचे, तर अध्यक्ष रिकेल्मे कसा आहे हे जाणून घेण्याची मला इच्छाही नाही.