पंखा लागला काय?

रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा गाडीतला स्विच, उलटा करून बघितलाय कधी? रविवारी दुपारी जेवणं झाली, घरातले सगळे आडवे, मी आपला सोप्यावर बसून त्या काळ्या डबीचे चार पाय बघत होतो. प्रत्येकाच्या बाजूला बारीक आकडे, 30, 85, 86, 87. बरं मग 31 ते 84 कुठे गेले?

हे आकडे जर्मन लोकांचे. डीआयएन 72552 म्हणून त्यांचं एक स्टँडर्ड आहे, त्यात गाडीतल्या वायरींच्या टोकांना नंबर दिलेत. 30 म्हणजे बॅटरीचा थेट प्लस, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, 31 अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेला मायनस, 85 आणि 86 रिलेच्या कॉइलची दोन टोकं आणि 87 मधून करंट बाहेर. हे एवढं सगळं जर्मनीत ठरलं आणि आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला झोपेतून उठवून विचारा, सत्त्याऐंशी म्हणजे फॅन, तो डोळे न उघडता सांगणार. शाळेचं तोंड त्याने फार बघितलेलं नाही पण हे पाठ.

रिले हातात यायचं कारण बाबांची प्रीमियर पद्मिनी गाडी. तिचा इंजिन गार ठेवणारा पंखा वॉटर पंपावर, पट्ट्याने फिरणारा. इंजिन फिरतंय तोवर हा फिरणार, थंडी असो पाऊस असो. आणि त्याचं सगळं उलटंच, हायवेला समोरून भरपूर वारा येतोय, पंख्याची काही गरज नाही, तेव्हा हा जीव खाऊन फिरतो, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली, खरी गरज तेव्हा, की इंजिन हळू म्हणून हाही हळू. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली तिचं इंजिन आडवं बसवलेलं, त्याची पुली रेडिएटरकडे तोंड करूनच नाही, मग पंख्याला वेगळी मोटर द्यावी लागली. तीच मोटर आता भंगारवाल्याकडून आणून लोक पद्मिनीत घालतात, मीही तेच केलं.

लहानपणी मात्र हा पंखा म्हणजे आमच्या घरचा विषय होता. 1986च्या जुलैत मांडवीवरचा पूल पडला आणि नवा व्हायला 1992 उजाडलं, मधली सगळी वर्षं पणजीला जायचं म्हणजे बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची लाईन. पावसात काचा बंद, आत आईच्या डोक्यातल्या आबोलीचा आणि ओल्या छत्र्यांचा वास, पुढे ट्रक, मागे ट्रक. एक फेरी गेली की लाईन चार गाड्या पुढे सरकणार. तेवढ्यासाठी बाबा इंजिन चालू करायचे नाहीत. दार उघडून खाली उतरायचे, एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला, आणि आम्ही भावंडं मागून डिकीला हात लावून ढकलायचो, चपला चिखलात रुतायच्या. आईला उतरायची परवानगी नव्हती, तिचं वजन मात्र आम्ही हिशेबात धरायचो आणि तिला ते ऐकू जायचं. इंजिन चालू ठेवून लाईनीत उभं राहणारे लोक बाबांना आवडायचे नाहीत. त्यांच्या बोनेटमधून वाफ आली की बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त आमच्याकडे बघायचे. कोणी घाईघाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेला तर मात्र धावत जायचे, कारण त्या झाकणाखाली प्रेशर असतं, पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं आणि झाकण सैल झालं की एकदम उकळून तोंडावर येतं. ओलं गोणपाट टाकून अर्धा तास थांब, असं अनोळखी माणसाला एकेरीत सांगायचे. फेरीचा तो लोखंडी रॅम्प धक्क्यावर आपटला की सगळे आपापल्या गाडीत. बाबांची गाडी कधी तापली नाही, याचं श्रेय पंख्याला की आमच्या ढकलण्याला हे घरात कधी ठरलं नाही.

तर वायरिंग. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजमधून 30, 87 मधून फॅन, 86 ला चावीचा प्लस आणि 85 रेडिएटरमधल्या थर्मोस्विचकडे. पाणी नव्वदच्या वर गेलं की थर्मोस्विच अर्थ देतो, रिले टक करून वाजतो, पंखा लागतो. कागदावर पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात आधी रेडिएटरवाल्याकडून पितळेच्या टाकीला थर्मोस्विचसाठी आटे पाडलेली बुशिंग लावून घ्या, मग फॅनची दिशा बघा, प्लस मायनस उलटे लागले तर तो उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो, वरून बघणाऱ्याला पंखा फिरतोय एवढंच दिसतं.

आणि टेप. इंजिनच्या खोलीत काळी टेप गुंडाळणाऱ्यांशी माझं पटत नाही. उष्णतेने तिचा डिंक पातळ होतो, टेप सरकते, हाताला काळं चिकट लागतं आणि आत तांबं उघडं. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवून तापवा, काय होतं हो पंधरा मिनिटं जास्त गेली तर? तसंच अर्थचं. आपल्याकडे खारी हवा, त्यात चार महिने पाऊस, बॉडीच्या बोल्टला नुसती वायर अडकवली की दुसऱ्या पावसात तिथे गंज आणि मग लोक मोटर बदलतात, रिले बदलतात, सगळं बदलतात. रंग खरवडून पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचा, आवळायचा, वर ग्रीस. यावर मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलू शकतो, बायको म्हणते बोलतोसच.

इलेक्ट्रिशियनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पयलीं दायनमो काड मरे, मागीर फॅनाचें पळोवया." म्हणजे आधी डायनॅमो काढ, मग फॅनचं बघू. बरोबर होतं त्याचं. जुना डायनॅमो इंजिन हळू चालताना जवळपास काहीच चार्ज देत नाही, आणि हा पंखा नेमका तेव्हाच मागणार, चालताना सात-आठ अँपियर, सुरू होताना त्याच्या दोन-तीनपट. वर रात्र, हेडलाईट, वायपर. म्हणजे डायनॅमोच्या जागी, हळू इंजिनावरही चार्ज देणारा अल्टरनेटर आला. पंख्याच्या नादात निम्मी गाडी बदलली.

बाबांना यातलं काहीच पसंत नाही. त्यांच्या लेखी पंखा थांबलाय म्हणजे बंद पडलाय. गाडीत बसले की दर पाच मिनिटांनी, "पंखा लागला काय रे?" अहो नाही लागला, गरज नाही म्हणून नाही लागला. "मग लागेल कशावरून?" याला उत्तर नाही. खरं सांगायचं तर आता मीही पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये रेडिओ बारीक करून तो टक ऐकायला कान लावून बसतो. पट्ट्यावरच्या पंख्याची अशी वाट कधी बघावी लागली नव्हती.

गेल्या वर्षी बाबांना पेसमेकर बसवला. डॉक्टरने छान समजावलं, हृदयाचे ठोके ठरलेल्या आकड्याखाली गेले तरच हा ठोका देतो, नाहीतर नुसता ऐकत राहतो. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चालू आहे हे मला कळणार कसं?" डॉक्टर म्हणाला, नाही कळलं तर उत्तमच. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझाच फॅन घातला रे यांनी." मग परत डॉक्टरला, "आणि बाहेरून स्विच नाही काय?"

नाही म्हणाला.

गाडीला मात्र देता येतो. 85 च्या वायरीला एक फाटा काढला, डॅशबोर्डखाली एक टॉगल स्विच, त्यातून बॉडीला अर्थ, म्हणजे थर्मोस्विचला पॅरलल. तो झोपला असेल तर हाताने लावता येतो. आता बाबा गाडीत बसले की आधी स्विच खाली, मग चष्मा पुसायचा, मग "चल." इंजिन थंडगार आणि पंखा आपला पहिल्या मिनिटापासून फिरतोय. म्हणजे पट्ट्यावर होता तेच झालं की, वर अल्टरनेटरचे पैसे गेले ते वेगळे. फिरू दे.