तुम्ही विचारलेत म्हणून: गाजलेले अल्बम आणि माझी कसोटी

रॉक ऐकणाऱ्यांच्या गप्पांत माझी मते एकदा कळली की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ आणि पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ हे अल्बम साऱ्या जगाने डोक्यावर घेतले असताना तुम्ही त्यांना दुसऱ्या रांगेत बसवता, ते केवळ चारचौघांहून वेगळे दिसावे म्हणून का? तसे मुळीच नाही. रॉक हे माझ्या लेखी तीन-चार माणसांनी एकमेकांचे ऐकत वाजवण्याचे संगीत आहे. हे एकमेकांचे ऐकणे जिथे ध्वनिमुद्रणात उतरलेले असते तिथे मी पुन्हा पुन्हा जातो. जिथे ते हरवते तिथे अल्बममागची कल्पना कितीही भव्य असली तरी माझ्या वाट्याला आदर तेवढा येतो, ओढ लागत नाही.

‘सार्जंट पेपर’ कसा तयार झाला हे पाहिले की माझे म्हणणे स्पष्ट होईल. 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सनी दौऱ्यातला आपला शेवटचा कार्यक्रम केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते लंडनच्या अॅबी रोडवरील स्टुडिओत शिरले. आता ही गाणी रंगमंचावर वाजवायची नव्हती, त्यामुळे ती चौघांनी मिळून वाजवता येण्याजोगी असण्याचीही गरज उरली नव्हती. चार ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर चार वेगळ्या पट्ट्यांत आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रावर थरावर थर चढत गेले आणि पॉल मॅकार्टनी अनेकदा आपली बेस गिटार सगळ्यांच्या शेवटी, एकट्याने, वेगळ्या ट्रॅकवर वाजवू लागला. त्या बेसच्या ओळी अप्रतिम आहेत, त्याबद्दल वादच नाही. पण ड्रम्स त्यांना उत्तर देऊ शकत नाहीत, कारण ड्रम्स वाजून केव्हाच झालेले असतात. ‘शीज लीव्हिंग होम’मध्ये तर चौघांपैकी एकानेही वाद्याला हात लावलेला नाही; मागे आहे तो तंतुवाद्यांचा ताफा. या अल्बमच्या काळात आपण बुद्धिबळ शिकलो, असे रिंगो स्टारने पुढे सांगितले. लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात, मला मात्र त्यात त्या अल्बमचे नेमके वर्णन दिसते: जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बँडचा ड्रमर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला आहे.

‘अ डे इन द लाइफ’ला मी या आक्षेपातून वगळतो, आणि त्याचे कारण तो चाळीस वादकांचा वाद्यवृंद किंवा शेवटचा तो पियानोचा दीर्घ स्वर नव्हे. हेडफोन लावून दुसरे कडवे ऐका. जॉन लेनन एक ओळ गातो आणि थांबतो. त्या थांबण्यात रिंगो टॉम्सवर, म्हणजे ड्रमसंचातल्या खोल आवाजाच्या ड्रम्सवर, घरंगळत उतरणारा एक लहानसा तुकडा वाजवतो आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला होतो. पुढच्या विरामात पुन्हा तेच, पण दर वेळी तुकडा वेगळा. हे ड्रम्सही नंतर भरलेले आहेत, तरी त्यांतून एक माणूस दुसऱ्या माणसाचे शब्द ऐकतो आहे हे स्वच्छ कळते. थर चढवूनही हे साधू शकते, याचा पुरावा त्याच अल्बममध्ये आहे. म्हणूनच उरलेल्या बऱ्याच गाण्यांत ते नाही याची चुटपुट लागते.

आदल्या वर्षीचा, म्हणजे 1966 चा ‘रिव्हॉल्वर’ मला या बाबतीत कितीतरी वरचढ वाटतो. यंत्रांचे प्रयोग तिथेही आहेत, किंबहुना अधिक धाडसी आहेत. ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये टेपच्या गोल जोडलेल्या पट्ट्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होत्या आणि मिक्स करताना त्यांचे आवाज त्या क्षणी कमीजास्त केले जात होते, म्हणजे तंत्रज्ञांनी मिक्सिंगचा पटच वाद्यासारखा वाजवला होता. त्याच सुमारास ध्वनिमुद्रित झालेल्या, पण अल्बममध्ये न घेता सिंगलच्या, म्हणजे दोनच गाण्यांच्या तबकडीच्या, मागच्या बाजूला टाकलेल्या ‘रेन’मध्ये बँडने वाद्यांचा भाग वेगाने वाजवला आणि मग टेपचा वेग उतरवला, त्यामुळे ड्रम्सना आणि गिटारला एक जडशीळ लय आली. युक्ती यंत्राची असली तरी त्या लयीखाली एकत्र वाजवणारा बँड आहे. बीटल्सचे एकच गाणे निवडायचे झाले तर मी हे निवडेन.

‘द वॉल’बद्दल माझे मत याहून कडक आहे. 1979 साली आलेल्या या दुहेरी अल्बमच्या कामाच्या काळातच कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांना बँडमधून बाहेर काढण्यात आले, आणि ‘मदर’मधले ड्रम्स बँडचे ड्रमर निक मेसन यांनी नव्हे तर बाहेरून आलेल्या जेफ पोर्कारो यांनी वाजवले आहेत. बँडचे बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स यांची कथा पुढे न्यायची आहे म्हणून सव्वीस तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत, आणि त्यांतले कित्येक कथेतून बाहेर काढले तर गाणे म्हणून उभे राहत नाहीत. ‘कम्फर्टेबली नम्ब’ उभे राहते, कारण त्यात गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांची चाल आणि वॉटर्स यांचे शब्द एकमेकांशी झगडत आहेत. 1977 चा ‘अॅनिमल्स’ कमी गाजला, पण त्यातले सतरा मिनिटांचे ‘डॉग्स’ हे गाणे बँडने 1974 पासून वेगळ्या नावाने कार्यक्रमांत वाजवले होते. श्रोत्यांसमोर मुरलेले गाणे आणि स्टुडिओत जुळवलेले गाणे यांतला फरक कानांना कळतो. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मला मनापासून आवडतो, त्याचेही कारण हेच: 1973 च्या मार्चमध्ये अल्बम बाजारात येण्याआधी 1972 मध्ये ती सगळी मालिका रंगमंचावर वाजत होती.

रोलिंग स्टोन्सच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ची ख्याती बऱ्याच अंशी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका बंगल्याच्या तळघरात झालेल्या ध्वनिमुद्रणावर उभी आहे, आणि त्यातले बरेच काम नंतर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाले हे सोयीस्करपणे विसरले जाते. अल्बम चांगला आहे. पण एकत्र वाजवणाऱ्या स्टोन्सना ऐकायचे तर 1971 च्या ‘स्टिकी फिंगर्स’मधले ‘कान्ट यू हियर मी नॉकिंग’ ऐकावे. गाणे संपल्यासारखे होते, टेप चालूच राहते, आणि मग काँगा हे हाताने वाजवायचे ड्रम्स, बॉबी कीज यांचा सॅक्सोफोन आणि मिक टेलर यांची गिटार हळूहळू एकमेकांत वाट काढत जातात. हा उत्तरार्ध आधी ठरवलेला नव्हता. टेलर घाई करत नाहीत. सॅक्सोफोनचे बोलणे पुरते होऊ देतात आणि मग आपला स्वर लावतात.

यावर जाणकारांचा आक्षेप असा असतो की स्टुडिओ हेही एक वाद्यच आहे, आणि माझी कसोटी लावली तर बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ही बाद ठरेल. तो माझ्या पहिल्या रांगेत आहे. 1966 च्या जानेवारीत बाकीचा बँड जपानच्या दौऱ्यावर असताना त्याचे गीतकार-संगीतकार ब्रायन विल्सन यांनी लॉस एंजेलिसमधले व्यावसायिक वादक बोलावून काम सुरू केले होते, हे खरे. पण ड्रमर हॅल ब्लेन, बेसवादक कॅरल के आणि त्यांचे सहकारी एका खोलीत बसून, एकाच वेळी, टेकमागून टेक वाजवत होते, आणि विल्सन त्यांना थांबवून, दुरुस्त करून पुन्हा वाजवायला लावत होते. मुखपृष्ठावर कोणाचे नाव आहे, याच्याशी माझ्या कसोटीचा संबंध नाही. तेथे दहा-बारा माणसे एकमेकांचा श्वास ओळखून वाजवत आहेत, आणि ‘शीज लीव्हिंग होम’च्या तंतुवाद्यांनी मला हे सुख कधीच दिलेले नाही.