रात्री साडेअकराचा तास

लंडनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात आणि त्याचा भुर्दंड भांडुपला आम्ही भरतो. तिकडचा संध्याकाळी सहाचा ऑनलाइन तास कालपरवापर्यंत इथे साडेदहाला होता, आज साडेअकराला. दिवसभर वॉर्डात उभं राहून मग पब्लिक हेल्थचं मास्टर्स! सासूबाई शेजारीच झोपलेल्या. (वन रूम किचनमध्ये स्टडी रूम कुठली?)

आज साथरोगशास्त्र होतं. मॅडमनी लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांचा कॉलऱ्याचा नकाशा दाखवला, १८५४ चा, साथीचं मूळ ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपात दाखवणारा. मग म्हणाल्या, आपापल्या शहरातलं उदाहरण सांगा. माझी झोपच उडाली. माइक सुरू करून १८९६ चा मुंबईचा प्लेग सांगितला. मांडवीतून सुरुवात, मग शास्त्रज्ञ हाफकिननी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यांच्या नावाची परळची संस्था मला कामावर जाताना रोज दिसते, हेही ठोकून दिलं. इंग्रजी अडखळलं, पण नायजेरियाच्या एका वर्गमित्राने चॅटमध्ये प्रश्नांचा धडाका लावला. सासूबाई उठून बसल्या, "एवढ्या रात्री कुणाशी भांडतेयस गं?"

या डिग्रीने पगार वाढेल का, शंकाच आहे. शुक्रवारी बायोस्टॅटची, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राची, असाइनमेंट आहे. त्यातली पी-व्हॅल्यू मराठीत समजावणारं कुणी असेल तर मेसेज करा, चहा माझ्याकडून.