पळून आलेल्यांची नोंदवही

अंडरग्राउंड रेलरोड, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना उत्तरेत आणि कॅनडात पोचवणारं गुप्त मदतीचं जाळं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भुयारं, कंदील आणि खुणेच्या गोधड्या येतात. गोधड्यांची गोष्ट सोडूनच द्या, तिचा त्या काळातला एकही पुरावा नाही. पळून आलेल्या गुलामाला खरी गरज असायची ती रात्रीच्या निवाऱ्याची, धड कपड्यांची, पुढच्या तिकिटाच्या पैशांची आणि खरा कोण, सोंगाड्या कोण हे ओळखणाऱ्या माणसाची. उत्तरेकडच्या शहरांत हा भार मोठ्या प्रमाणावर स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी उचलला, आणि त्यातलं बरंचसं काम चक्क कारकुनी होतं.

फिलाडेल्फियातला विल्यम स्टिल हा त्यातला पक्का कारकून. १८४७ साली तो पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेत आठवड्याला ३.७५ डॉलरवर लागला. झाडलोटही त्याच्याकडे आणि कागदपत्रंही त्याच्याकडे. १८५२ मध्ये पळून आलेल्यांना मदत करणारी शहरातली दक्षता समिती नव्याने उभी राहिली, तेव्हा तिची सूत्रं त्याच्याकडे आली. सुमारे ८०० जणांना त्याने पुढे धाडलं असं मानलं जातं. त्यातल्या कितीतरी जणांची पहिली रात्र त्याच्या घरीच गेली. त्याची बायको लेटिशिया कपडे शिवायची आणि शिवाय या पाहुण्यांचं सगळं बघायची.

माणूस आला की आधी प्रश्न. नाव, वय, रंग उजळ की गडद, मालक कोण, तो कसा वागवायचा, निघालात कसे, मागे कोण राहिलं, आणि आता कोणतं नाव घेणार? दमून आलेल्या माणसाला ही उलटतपासणी जाचक वाटत असणार. पण पैसे उकळायला किंवा बातमी काढायला येणारेही असायचे. तपशील ताडून पाहिले की ते उघडे पडत.

वहीत जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं लिहिण्यामागे आणखी एक कारण होतं. पळालेला माणूस नाव बदलायचा, कारण मालकाच्या जाहिरातीत जुनं नाव छापलेलं असे. नाव बदललं की माग तुटतो. शोधणाऱ्या मालकाला तर तो सापडत नाहीच, पण शोधणाऱ्या भावालाही सापडत नाही. ऑगस्ट १८५० मध्ये अलाबामाहून पीटर नावाचा मध्यमवयीन माणूस स्टिलच्या कचेरीत आला. त्याने पै पै साठवून स्वतःला विकत घेतलं होतं आणि आता तो आईबापांना शोधत होता. बापाचं नाव लेव्हिन, आईचं सिडनी. स्टिल ऐकतच राहिला, कारण ती त्याच्याच आईबापांची नावं होती. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी आई दोन मुली घेऊन पळाली, तेव्हा दोन मुलगे मागे ठेवावे लागले होते. पुढे तिने सिडनीचं चॅरिटी केलं, आडनावही बदललं. पीटरला हे कळणार कुठून?

निरोपांतही हीच सावधगिरी. हॅरिसबर्गचा जोसेफ बस्टिल, तोही स्वतंत्र कृष्णवर्णीय, १८५६ मध्ये स्टिलला तार करतो: दोन वाजता ‘व्हाया’ चार मोठे आणि दोन लहान हॅम (डुकराच्या मांसाचे तुकडे) पाठवले आहेत. म्हणजे चार मोठी माणसं, दोन लेकरं. आणि ‘व्हाया’ म्हणजे नेहमीच्या गाडीने नव्हे, रेडिंगच्या मार्गाने. हा एक शब्द तारेतून गळला असता, तर घ्यायला जाणारा भलत्याच स्टेशनावर उभा राहिला असता.

पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याच्या १८५० च्या कायद्याने हे सगळं आणखी धोक्याचं केलं. मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नसे. वर निकाल देणाऱ्या सरकारी कमिशनरने त्याला परत पाठवलं तर १० डॉलर फी, सोडलं तर ५! त्यामुळे माणसांना उत्तरेतच ठेवून घेण्यापेक्षा सरळ कॅनडाकडे काढणं शहाणपणाचं ठरलं. वह्या म्हणजे तर हातात आयता पुरावा. फिलाडेल्फियातल्याच कामातला रॉबर्ट पर्व्हिस, त्याने आपल्या नोंदी नष्ट केल्या. स्टिलने मात्र त्या लपवल्या आणि १८७२ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. पुढच्याच वर्षी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका वाचताना आपल्या मनात बहुधा गोरेच येतात, स्टिल येत नाही.

पण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मदतनिसांची जोखीम सारखी नव्हती. डेलावेअरमधला गोरा क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचा) थॉमस गॅरेट १८४८ मध्ये खटला हरला, त्याला जबर दंड झाला. त्याच राज्यात जन्मलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय वाटाड्या सॅम्युअल बरिस १८४७ मध्ये पकडला गेला, तर त्याला शिक्षा म्हणून डोव्हरला लिलावात उभं केलं. आयझॅक फ्लिंट नावाचा माणूस व्यापारी असल्याचं भासवून इतर गिऱ्हाइकांसारखा त्याला चाचपत होता. बोली त्यानेच जिंकली. पैसे गुलामगिरीविरोधी मंडळींनी जमवलेले होते आणि बरिसला हे लिलाव संपल्यावरच कळलं. १८५२ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला.