जोडणी उलट्या क्रमाने

परवा दुपारी ऊन उतरायची वाट बघत आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचं, मॅन्युअल चाळत बसलो होतो. इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं चाक, बदलायच्या प्रकरणात खालचा गिअरबॉक्स कसा सोडवायचा हे पायरीपायरीने दिलंय. प्रत्येक पायरीला चित्र, चित्रात बाण, बाणाला आकडा. सगळं संपल्यावर पानाच्या तळाशी, जागा संपत आल्यासारखं एकच वाक्य: जोडणी उलट्या क्रमाने करावी.

हे वाक्य मी इतक्या मॅन्युअलांत वाचलंय, की ती सगळी लिहिणारा माणूस एकच असावा अशी माझी खात्री झाली आहे. त्याची नखं स्वच्छ असणार. खोलताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं. शेवटचा बोल्ट सुटला की गिअरबॉक्स आपसूक खाली येतो. जोडायची वेळ आली की ते पक्ष बदलतं, हे या गृहस्थाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

अर्थात खोलणंही सरळ असतं असं नाही. दिसणारे सगळे बोल्ट काढले तरी गिअरबॉक्स ढिम्म हलत नाही. रबरी हातोडीने आधी हळू, मग मनापासून ठोकून होतं. बऱ्याच इंजिनांत बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या वर एक छोटा तिरका पत्रा असतो, ट्रिम टॅब. तो काढला की त्याच्या वरच्या भोकात, बोटभर आत, एक बोल्ट बसलेला सापडतो. तो तिथे का, याचं उत्तर ज्याने तो तिथे ठेवला त्याच्याकडेच. शिवाय तो पत्रा काढण्यापूर्वी त्याच्या कोनाची खूण करून ठेवायची असते, नाहीतर पुढे सुकाणू हाताला एका बाजूला ओढत राहतं.

आणि आता उलटा क्रम. गिअरबॉक्स मांडीवर घेऊन उकिडवं बसायचं. उभा दांडा वर क्रँकशाफ्टच्या दातांत बसला पाहिजे. त्याच क्षणी गिअरची सळई तिच्या जोडात शिरली पाहिजे. त्याच क्षणी पाण्याची नळी रबरी वायसरात घुसली पाहिजे. तिन्ही गोष्टी आत, अंधारात, डोळ्यांआड. दात जुळत नसतील तर गिअर टाकून पंखा किंचित फिरवायचा म्हणजे दांडा फिरतो. पण दोन्ही हात गिअरबॉक्स उचलण्यात गुंतलेले. पंखा फिरवणारा हात कोणाचा, ते चित्रात दाखवलेलं नाही. दांडा बसला असं वाटतं तेव्हा नळी बाहेर राहिलेली असते, आणि नळी बाहेर राहिली तर पंप कितीही नवा असो, पाणी वर जातच नाही.

हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, तो इम्पेलर म्हणजे मुठीत मावेल असं रबराचं चाक. पाती वाकून बसतात, फिरताना पाणी ओढतात आणि इंजिन गार ठेवतात. पाण्याशिवाय इंजिन थोडा वेळ जरी चाललं तरी पाती करपून तुटतात. नवा बसवणं सोपं. साबणाचं पाणी लावायचं आणि फिरायच्या दिशेने वळवत आत सारायचा. त्रास जुन्याचा. तुटलेली पाती पाण्याच्या वाटेने वर गेलेली असतात आणि थर्मोस्टॅटच्या आसपास कुठेतरी अडकून बसतात. मग फुटलेली बरणी जोडून बघावी तसे सापडलेले तुकडे त्या चाकाला लावून बघायचे आणि एक कमी पडला की वैतागायचं.

पाणी वर जातंय की नाही हे बघणं ही माझी आयुष्यातली पहिली नोकरी. आजोळच्या अंगणात मामाने एक पिंप पाण्याने भरून ठेवलं होतं. त्याला आडवी फळी ठोकून त्यावर जुनं इंजिन चढवायचा. इंजिनाच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. पंप नीट चालत असेल तर त्यातून पाण्याची धार पडते. मामा दोरी ओढायचा आणि मी त्या भोकासमोर उकिडवा.

"आलं का रे पाणी?"

"नाही मामा."

"नीट बघ."

"नाहीच."

मग इंजिन बंद. मामा खिशातून बारीक तार काढून भोकात फिरवायचा. कधी मिठाचा खडा निघायचा, कधी कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर. परत दोरी. धार आली की मी अंगणभर ओरडत सुटायचो, पण मामाचं समाधान तेवढ्यावर होत नसे. "हात लाव. कोमट लागतंय का सांग." पाणी नुसतं येऊन भागत नाही, ते इंजिनाची ऊब घेऊन यायला हवं, हे मला शाळेत शिकवलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा पक्कं लक्षात राहिलं. धुराने डोळे चुरचुरायचे, कानात दडे बसायचे आणि मामी आतून काय ओरडतेय ते दोघांनाही ऐकू यायचं नाही. त्यातला निदान एकजण ते ऐकू येत नाही म्हणून खूश असायचा.

मामाच्या इंजिनात पंखा दांड्याला एका मऊ पितळी पिनेने अडकवलेला होता. पंखा खडकावर आपटला की पिन तुटायची आणि आतले गिअर वाचायचे. तुटणं हेच तिचं काम. (आता बहुतेक पंख्यांत रबरी बुश असतो, तो घसरतो.) मामाच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना ही वारंवार तुटणारी पिन म्हणजे कंपनीची लबाडी वाटायची. त्यांनी पोलादी सळईचा तुकडा कापून तिथे घातला आणि सगळ्यांना दाखवत हिंडले. पिन पुन्हा कधी तुटली नाही, हे खरं. पुढच्या खडकाला गिअरचे दात गेले.

तुटल्यावर सुधारलेली एकच गोष्ट मला ठाऊक आहे. १८३७ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ लंडनच्या कालव्यात आपल्या बोटीची चाचणी घेत होता. तेव्हाचा पंखा म्हणजे दोन वेढ्यांचा लाकडी स्क्रू. चाचणीत त्याचा अर्धा भाग तुटला आणि बोट आधीपेक्षा जोरात पळायला लागली. असं नशीब घेऊन जन्मलेला माणूस गॅरेजमध्ये नव्हे, इतिहासात जातो.

आमच्या वाट्याला येतो तो गंज, आणि तोही सरळ तांबडा नाही. ॲल्युमिनियमच्या खोक्यात स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि भोवती खारं पाणी, म्हणजे बॅटरीच की ती. ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून भरते आणि बोल्ट असा धरतो की पाना घसरेल, डोकं गोल होईल, पण तो फिरणार नाही. तेल सोडा, गरम करा, गार होऊ द्या, पुन्हा गरम करा. जोर लावला तर डोकं तुटून हातात येतं. मग ड्रिलने भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा. तोही आत तुटला तर विषय संपला, कारण तो इतक्या कडक पोलादाचा असतो की साध्या ड्रिलला दाद देत नाही.

यावरचा उपाय म्हणून इंजिनाला जस्ताचा तुकडा लावतात. आधी तो झिजतो, बाकीचं वाचतं. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते काम सोडतं, म्हणून तिथे मॅग्नेशियम. काही हौशी लोक इंजिन रंगवताना जस्तावरही ब्रश फिरवतात. मग ते नुसतं शोभेला उरतं. ही युक्ती हम्फ्री डेव्हीची. १८२४ साली त्याने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला मारलेल्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे लावायला सांगितले. तांबं झिजायचं थांबलं, डेव्ही बरोबर ठरला. पण विरघळणाऱ्या तांब्यामुळेच शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नव्हते. तांबं वाचलं आणि जहाजांना दाढ्या फुटल्या, ती संथ झाली, आरमाराने नाद सोडला. एक दुरुस्त करायला जावं आणि दुसरं उपटावं, हे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही चुकलं नाही, हे वाचून मला बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

सगळ्या कटकटींत मला खरोखर आवडणारं काम एकच, गिअर ऑइल काढणं. खालचा स्क्रू, मग वरचा, आणि मग ती जाड धार. रंग बघायचा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बहुतेकदा पंख्यामागे मासेमारीचा नायलॉनचा दोरा गुंडाळला जाऊन त्याने सील कापलेलं असतं. थेंब दोन बोटांत चोळायचा. खालच्या स्क्रूच्या चुंबकाला राखाडी लगदा चिकटलेला असेल तर ठीक, ते वय आहे. टोचणारी कपची लागली तर मात्र आत काहीतरी तुटतंय. नवं ऑइल खालून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा कोंडत नाही. वरून ओतणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, नुसता बघतो.

दादाच्या बोटीला स्टर्नड्राइव्ह आहे, म्हणजे तीही माझ्याच गळ्यात. इंजिन आत, ड्राइव्ह बाहेर, ही जिम विन या अमेरिकन इंजिनिअरची कल्पना १९५९ मध्ये बाजारात आली. मध्ये बोटीच्या पाठीला भोक, आणि त्या भोकातून पाणी आत न येण्याची जबाबदारी रबरी बेलोजवर, म्हणजे घड्याघड्यांच्या नळीवर. रबराला चीर गेली की आधी बेअरिंग घुरघुरतं आणि दुर्लक्ष केलं तर बोट जागेवर उभ्या उभ्या बुडते. मी दर मोसमात पालथा पडून बॅटरीच्या उजेडात त्याच्या घड्या तपासतो. दादा काठावरून विचारतो, "किती वेळ?"

गेल्या मोसमात तिचा स्टार्टर गेला. दादा कुठूनसा मोटारीचा स्टार्टर घेऊन आला. "हा बघ, तोच आहे, भोकंसुद्धा जुळतात." जुळत होती. अशा कितीतरी इंजिनांचा मूळ ब्लॉक मोटारीचाच असतो. इतक्या वर्षांत पहिल्या झटक्यात बसलेला तो एकमेव सुटा भाग, आणि तो मी काढायला लावला.

मोटारीत गळलेल्या पेट्रोलची वाफ खालून निघून जाते. बोटीला खाली भोक नसतं. वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते. बोटीचा स्टार्टर आतली ठिणगी बाहेर पडू नये असा बंद केलेला असतो, मोटारीचा नसतो. बाहेरून दोघांत काही फरक दिसत नाही. दादा रुसला, दोन दिवस बोलला नाही. मी अजूनही किल्ली फिरवण्याआधी ब्लोअर, म्हणजे तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवतो, मग इंजिनावरचं झाकण उघडून नाक आत घालतो, आणि जरासा जरी वास आला तरी त्या दिवशी बोट बाहेर काढत नाही. काठावरचे हसतात. हसोत.