रिकामी कुंडी कोण घेणार?

रानहळद बाजारात आणायचं चार वर्षांपूर्वी ठरवलं. मामाच्या परसातले सात गड्डे घेतले (डोंगरातून उपटलेलं रोप मी विकत नाही) आणि शेडनेटखाली लावले. आज एकशे चाळीस कुंड्या आहेत. पावसाळ्यात पिवळी फुलं, वर गुलाबी तुरा. सावलीच्या बाल्कनीला आणखी काय हवं? पण डिसेंबरात गिऱ्हाइकाचा फोन, "दादा, झाड मेलं!" मेलं नाही हो, पानं वाळून गड्डा झोपलाय. पाणी तेवढं बंद करा. घाऊकवाल्याला मात्र बाराही महिने हिरवंगार हवं. रानातलं झाड तसं घडवणं सोपं नाही. न्यू गिनी इम्पेशन्सची (तेरड्याच्या कुळातलं कुंडीतलं फुलझाड) रोपं १९७० च्या, झाडं गोळा करायला निघालेल्या अमेरिकी मोहिमेत मिळाली, मग संकर करत करत ती कुंडीत रुळली. माझ्याकडे कसली प्रयोगशाळा! यंदा प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी चिकटवतोय : 'नोव्हेंबर ते मे झोप. उठवू नये.'