सांध्याचं तुटलेलं तोंड

बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं शॉप आहे. मशीनच्या लोखंडी कव्हरवर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेट बसवायचं काम घेतलं होतं. लोखंडाला ॲल्युमिनियम साध्या वेल्डिंगनं जोडता येत नाही, भोक पाडलं तर तेल गळणार, म्हणून इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद. जुलैत पावसानं उसंत दिली नाही आणि ब्रॅकेट सुटून परत यायला लागल्या. मी महागडं रेझिन आणलं. तेही सुटलं.

आमच्या जुन्या फिटर मामांनी सुटलेली ब्रॅकेट उजेडात धरली. "लोखंडाकडं गोंदाचा कण तरी दिसतोय काय? गोंद तुटला नाही रे, सुटलाय."

म्हणजे लोखंड नीट स्वच्छ नव्हतं. मग चिकटवण्याआधीची तयारी बदलली. ॲसिटोननं पुसायचं, एमरी पेपरनं घासायचं, परत पुसायचं, दर वेळी नव्या फडक्यानं. वर पाणी टाकून बघायचं: सलग पसरलं तर स्वच्छ, थेंब धरले तर तेल शिल्लक. वाळलं की लगेच चिकटवायचं. आमचा हार्डनर अमाइन नावाच्या रसायनाचा, उघडा राहिला की दमट हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मेणचट होतो. डब्याचं झाकण लगेच लावायला लागलो. प्रमाणही अंदाजानं घेणं बंद केलं, डब्यावर लिहिल्याप्रमाणं 100 भाग रेझिनला 80 भाग हार्डनर काट्यावर तोलून.

आता ब्रॅकेट ओढून निघेना. पण हातोडीचा एक ठोका बसला की टणकन उडायची. या वेळी गोंद दोन्ही बाजूंना होता, तुटलेलं तोंड काचेसारखं चकचकीत. ताकद आली होती, चिवटपणा नव्हता. हे वेगळे गुण आहेत, हे मला तेव्हा कळलं.

उपाय रबराचा निघाला. रेझिनमध्ये सीटीबीएन नावाचं द्रवरूप रबर आधीच जोडून घेतात. घट्ट होताना त्याचे साधारण मायक्रॉनभर कण वेगळे होऊन आत विखुरतात. चीर धावत आली की कण आतून फाटतात, भोवतीचं इपॉक्सी थोडं ताणलं जातं आणि चिरेचा जोर तिथंच जिरतो. तसं तयार इपॉक्सी मागवलं. ठोके घातल्यावर ब्रॅकेट वाकली, सुटली नाही. मुद्दाम फोडली तेव्हा तोंड पांढुरकं, खरबरीत निघालं.

क्लॅम्प फार आवळला की गोंद बाहेर येतो, म्हणून मध्ये 0.2 मिमीची बारीक तार ठेवतो. मोटारीजवळच्या गरम जागी मात्र हे वापरत नाही. रबरानं उष्णता सोसायची ताकद थोडी उतरते.